गळ्याची पिशवी तुंबली, तर?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्यांच्या परसात दोन-चार कोंबड्या आहेत त्यांना एक प्रश्न विचारते. सकाळी खुराड्याचं दार उघडलं की दाणे टाकायच्या आधी तुम्ही कोंबडीच्या गळ्याखाली हात लावून पाहता का? अंडं आहे की नाही हे आपण सगळ्याच पाहतो. पण गळ्याखाली हात लावणाऱ्या फार थोड्या. आणि ज्यांनी पोल्ट्रीतून काढून टाकलेल्या कोंबड्या घरी आणल्या आहेत, त्यांनी तर हा हात लावल्याशिवाय सकाळचा चहासुद्धा घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते सांगते. कोंबडीला दात नाहीत. ती दाणा गिळते तो आधी गळ्याच्या खाली, छातीच्या वरच्या बाजूला, थोडा उजवीकडे असलेल्या एका पिशवीत जाऊन पडतो. डॉक्टर तिला 'क्रॉप' म्हणतात, आपण गळ्याची पिशवी म्हणू. ही पिशवी म्हणजे कोंबडीची कोठीची खोली. तिथे दाणा भिजतो, मऊ होतो आणि थोडा थोडा खाली जातो. मग पाचक रसाचं पोट आणि त्याच्याही खाली तो जाड मांसल पेटा, आपण कलेजी-पेटा आणतो त्यातला. पेट्यात कोंबडीने गिळलेले बारीक खडे असतात आणि ते दाण्याचं पीठ करतात. कोठी वर, जातं खाली, अशी ही व्यवस्था. जातं अडलं की कोठी तुंबते. एवढं एक लक्षात ठेवलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

संध्याकाळी कोंबडी खुराड्यात जाते तेव्हा ही पिशवी मोठ्या लिंबाएवढी टम्म असते. ते अगदी योग्य! रात्री अंधारात कोंबडी काही खात नाही, पण पिशवीतलं खाली सरकत राहतं, आणि उजाडेपर्यंत पिशवी रिकामी होते. हाताला सैल कातडीखेरीज काही लागत नाही. नवीन कोंबड्या आणलेल्या एका वहिनी संध्याकाळी घाबऱ्याघुबऱ्या होऊन आल्या होत्या, "अहो बाई, हिच्या गळ्याला गाठ आलीय!" म्हणून. मी म्हटलं, "वहिनी, ती जेवलीय." तेव्हा तपासायचं ते सकाळी, उपाशीपोटी. संध्याकाळच्या गोळ्यावरून काहीही ठरवू नका.

पोल्ट्रीतल्या कोंबड्यांनाच हे जास्त का?

अंड्यांच्या पोल्ट्रीत कोंबडी साधारण अठरा-वीस आठवड्यांची झाली की अंडी द्यायला लागते. बाहत्तर ते ऐंशी आठवड्यांच्या सुमारास, काही ठिकाणी आणखी थोड्या उशिरा, तिची अंडी कमी होतात आणि खाद्याचा खर्च परवडेनासा होतो. मग सगळा लॉट एकदम काढतात. तोवर तिने तीनशेच्या वर अंडी दिलेली असतात. रानातली मूळ कोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी देते, हे लक्षात घेतलं म्हणजे या बाईने काय उपसलंय ते कळतं. पिंजऱ्यात तिच्या वाट्याला झेरॉक्सच्या कागदाएवढीही जागा नसते. युरोपात असले साधे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद झाले. आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ साली या प्रश्नावर आपला २६९ वा अहवाल दिला. इंग्लंडात 'ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट' नावाची संस्था २००५ पासून अशा कोंबड्या घरोघरी देते. आपल्याकडे एवढं रीतसर काही नसलं, तरी पोल्ट्रीच्या फाटकावर जाऊन दोन-चार कोंबड्या मागून आणणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मी त्यातलीच एक.

आमच्याकडे त्या आल्या मार्च २०२० मध्ये. कोंबडी खाल्ली की करोना होतो अशी अफवा तेव्हा उठली होती, भाव कोसळले होते आणि पोल्ट्रीवाले हवालदिल झाले होते. सांगली जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव. गावाबाहेरच्या एका फार्मवरून ह्यांनी सहा कोंबड्या आणल्या. अंगावर पिसं निम्मी, तुरे फिकट, आणि चालायचं कसं तेच माहीत नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ह्यांना रस्सा करण्याइतकंसुद्धा मांस नाही." खरं होतं ते. आमच्या घरी रविवारी मटण शिजतं, आजही शिजतं. मी काही त्याबद्दल कुणाला उपदेश करणार नाही. पण ज्या कोंबडीला आपण नाव ठेवलं तिला पातेल्यात घालायचं नाही, असा नियम धाकट्या लेकीने घरात लावला आणि तो आजवर कुणी मोडलेला नाही.

तर ह्या कोंबड्यांनी जन्मभर काय खाल्लेलं असतं? बारीक भरडा. दळलेलं, मोजलेलं, पन्हळीतून समोर आलेलं. आख्खा दाणा नाही, गवत नाही, खडा नाही. म्हणजे खालच्या जात्याला कधी नीट कामच पडलेलं नाही. त्यात पुष्कळदा चोचीचं टोक लहानपणीच कापलेलं असतं, एकमेकींना टोचू नये म्हणून. अशा बोथट चोचीला गवताचं पातं तोडता येत नाही, मग ती ते आख्खं ओढून गिळते. आणि मोकळं सोडल्यावर तिला जे दिसेल ते चाखायचं असतं. परसातली सुतळी, नारळाची शेंडी, देवाच्या हाराचा दोरा, मुलांचे रबरबँड, सगळं! हाराचा दोरा फार वाईट. निर्माल्य टाकाल तिथे कोंबड्यांना जाऊ देऊ नका.

गवताबद्दल एक बारीक गोष्ट आहे. जमिनीत रुजलेलं गवत कोंबडी टोचून तुकड्यातुकड्याने खाते, कारण मुळं ते धरून ठेवतात. आपण मात्र प्रेमाने विळ्याने लांबलांब गवत कापून ढीग समोर टाकतो. ते धरून ठेवायला काहीच नसतं, म्हणून लांब पाती तशीच आत जातात आणि पिशवीत त्यांची दोरीसारखी गुंडाळी होते. हिरवं घालायचं तर कोथिंबिरीसारखं बारीक चिरून घाला.

दुसरा शत्रू आपल्या स्वयंपाकघरातला. शिळी पोळी, पावाचे तुकडे, कणकेचा उरलेला गोळा. हे पिशवीत गेलं की फुगतं, चिकटतं आणि आंबतं. अन्न वाया जाऊ नये ही आपली शिकवण, मान्य आहे. पण कोंबडी म्हणजे खरकट्याचा डबा नव्हे. पोळी द्यायचीच असली तर तुकडाभर, पाण्यात भिजवून, कुस्करून. कच्ची कणीक मुळीच नाही.

हाताला काय लागतं?

सकाळी पिशवी रिकामी नसली तर ती कशी लागते यावर सगळं अवलंबून आहे. कोंबडीला बगलेत धरा, तिचे पंख आपल्या कोपराने अलगद दाबून ठेवा, आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी हळूच चाचपा.

घट्ट गोळा लागला, घट्ट मळून ठेवलेल्या कणकेसारखा, किंवा आत गवताची जुडी असल्यासारखा, तर पिशवी तुंबली आहे. उलट, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी डुचमळत असली आणि चोचीला आंबलेल्या पिठाचा किंवा शिळ्या ताडीसारखा वास येत असला, तर ती आंबली आहे. बुरशीच्या जातीचे जंतू, 'कॅन्डिडा' म्हणतात त्यांना, आत माजतात तेव्हा असं होतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे पिशवी ताणून ताणून सैल पडते व झोळीसारखी खाली लोंबते. तीही सकाळी पूर्ण रिकामी होत नाही, पण कोंबडी बाकी हिंडती-फिरती असते.

सोबत आणखीही पाहा. कोंबडी अंग चोरून उभी राहते का? शेपटी खाली पडली आहे का? मान पुन्हा पुन्हा वाकडीतिकडी ताणते का? दाण्यावर चोच मारते पण गिळत नाही, असं करते का? छातीचं मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागतं का? ते लागत असेल तर हे दुखणं कालचं नाही, बरेच दिवस चाललेलं आहे. पिसांमुळे कोंबडी गुबगुबीत दिसते आणि आत नुसता सांगाडा असतो.

तुंबलेल्या पिशवीला घरी काय करावं

पहिलं काम, तिला वेगळी काढा. डालगं किंवा मोठं खोकं घ्या, खाली पेंढा नको, वर्तमानपत्र घाला. पेंढा घातला तर ती तोच खाईल. शिवाय कागदावर शीट दिसते, आणि आपल्याला शीट पाहायचीच आहे. शीट पडते आहे, म्हणजे थोडं तरी खाली सरकतं आहे. बारा तास काहीच पडलं नाही किंवा नुसतं हिरवं पाणी पडलं, तर पुढे सांगते आहे तो डॉक्टरांचा परिच्छेद आधी वाचा.

दुसरं, खाणं बंद, पाणी चालू. खाणं बंद ते एक दिवसापुरतंच हो! ही कोंबडी आधीच दीड किलोच्या आतबाहेरची, ती दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर दुखण्याने नाही, उपासाने जाईल. पाणी मात्र सतत समोर हवं, एप्रिल-मे महिन्यात तर फारच. पाणी कमी पडलं की पिशवीतला गोळा आणखी सुकतो.

तिसरं, तेल. आपलं रोजचं खोबरेल चालतं. थंडीच्या दिवसात ते गोठतं ना, तेव्हा तर सोन्याहून पिवळं! गोठलेल्या खोबरेलाच्या वाटाण्याएवढ्या तीन-चार गोळ्या हातावर धरा, बहुतेक कोंबड्या स्वतःहून टिपतात. उन्हाळ्यात वाटीभर तेल फ्रीजमध्ये ठेवून गोठवा. मी गोठलेल्या तेलाचा आग्रह धरते त्याला कारण आहे. कोंबडीच्या जिभेच्या मुळाशी एक फट असते, तीच तिची श्वासनळी. आपण जबरदस्तीने पातळ तेल किंवा पाणी ओतलं तर ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं आणि कोंबडी आपल्या हातात जाते. गोळी ती स्वतः गिळते, म्हणून धोका कमी. पातळच द्यायची वेळ आली तर ड्रॉपरने, चोचीच्या कडेवर एक थेंब ठेवायचा, तो तिने गिळेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. सगळं मिळून दोन-तीन मिलीलिटर पुरे. सासूबाईंच्या कपाटातलं एरंडेल मात्र नको. त्याने जुलाब होतात आणि आधीच सुकलेला जीव आणखी खंगतो.

चौथं, चोळणं. तेल पोटात गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी पिशवी दोन्ही बाजूंनी बोटांत घ्या आणि चिंच कोळताना जसा हात फिरतो तसा फिरवा. गोळा फोडायचा आहे, दाबायचा नाही. पाच मिनिटं पुष्कळ झाली, दिवसातून तीन-चार वेळा. हात चोचीकडे, म्हणजे वरच्या दिशेने, कधीही फिरवू नका. आत आहे ते वर आलं तर पुन्हा तीच श्वासनळीची भीती. चोळताना ती मान ताणायला लागली, तोंडाशी पाणी आलं, की लगेच सोडून द्या.

आमच्या ठकूची पिशवी अशी दुसऱ्या दिवशी दुपारी सुटली. शाळेतून आले तर कागदावर गवताचे तंतू असलेली काळपट शीट पडलेली. एवढा आनंद मला मुलांच्या निकालाच्या दिवशीही क्वचितच होतो! त्यानंतर तिला दोन दिवस भिजवलेला भरडा दिला, चमचाभर, दिवसातून पाच वेळा. मग हळूहळू नेहमीचं. पिशवी मोकळी झाली की कोंबडी भुकेने वेडी होते आणि आपलं मन पाघळतं. पाघळू देऊ नका. त्या दिवशी पोटभर घातलंत तर सगळं पहिल्यापासून.

आंबली असेल तर

इथे घरचा हात आखडता घ्यायचा. तेल नको आणि फार चोळणंही नको, कारण आत पाणी आहे आणि ते वर यायला टपलेलंच आहे. गोड काही नको, पाव-पोळी नको, फळं नकोत. साखरेवर हे जंतू आणखी माजतात. कोंबडीला वेगळी ठेवा आणि डॉक्टरांकडे न्या. ते नळीने पिशवी रिकामी करू शकतात आणि 'निस्टॅटिन' हे बुरशीवरचं औषध वजन पाहून देतात.

कोंबडीला उलटं धरून पिशवी पिळून काढायची, हा उपाय तुम्हाला कुणी ना कुणी सांगणारच. मोबाइलवर तो दाखवतातही. माझ्या ओळखीच्या एका घरी हे केलं, आणि पाणी बाहेर आलं खरं, पण त्यातलं थोडं श्वासात गेलं आणि कोंबडी पाच मिनिटांत संपली. आधी तासभर ती अंगणात हिंडत होती! कृपा करून हे करू नका.

दुसरा मोह घरातल्या उरलेल्या कॅप्सुलांचा. "थोडं अँटिबायोटिक देऊन पाहू" असं म्हणणारे खूप. पण अँटिबायोटिकने मरतात ते जिवाणू. बुरशी मरत नाही, उलट चांगले जिवाणू गेले की तिला रान मोकळं मिळतं. कित्येकदा दुसऱ्याच आजारासाठी दिलेल्या औषधानंतर पिशवी आंबते, ती यामुळेच. शिवाय औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलांच्या पानात अंडं वाढू नका.

दह्या-ताकाचं काय, असं तुम्ही विचारणारच. आपल्याला पोट बिघडल्यावर ताक बरं वाटतं, म्हणून कोंबडीलाही वाटेल असं नाही. पक्ष्यांना दुधातली साखर नीट पचत नाही. व्हिनेगर पाण्यात घालणाऱ्याही पुष्कळ जणी आहेत. त्याने आंबलेली पिशवी बरी होईल या भरवशावर राहू नका, आणि घालायचंच असेल तर तांब्या-पितळेच्या किंवा जस्ताच्या भांड्यात मुळीच ठेवू नका, धातू पाण्यात उतरतो. मोरचुदाचं पाणी देण्याचा एक जुना प्रकार आहे. तो घरी करून पाहण्यासारखा नव्हे, मोरचूद विष आहे.

जातं का अडलं?

आता मुख्य गोष्टीकडे येते. पिशवी मोकळी केली, कोंबडी खायला लागली, आणि चार दिवसांनी पुन्हा तेच. असं झालं तर पिशवीच्या मागे लागू नका. दुखणं पिशवीत नाहीच, ते खाली कुठेतरी आहे आणि पिशवी फक्त तुम्हाला सांगते आहे.

आमच्या गोदीचं असं झालं. तीनदा पिशवी तुंबली, तीनदा सुटली. चौथ्यांदा तिला घेऊन मी सरकारी दवाखान्यात गेले. बाहेर म्हशी, शेळ्या, एक बैल, आणि मी पिशवीत कोंबडी घेऊन! लोक हसत होते. डॉक्टर आधी जरा घाईत होते. पण त्यांनी गळ्याला हात न लावता पोटाला लावला आणि गप्प झाले. मग म्हणाले, "बाई, इथे बघा." गोदीचं पोट दोन्ही पायांच्या मध्ये पाण्याने भरल्यासारखं तटतटलं होतं. अंड्याचा बलक नळीत न जाता पोटातच पडत राहतो, तिथे सूज येते, पू होतो, आणि मग आतडी चालेनाशी होतात. आतडी थांबली की पेटा थांबतो, पेटा थांबला की गळ्याची पिशवी. एवढी अंडी दिलेल्या कोंबड्यांमध्ये हे दुखणं फार आढळतं. मी विचारलं, "चोळून, तेल देऊन काही...?" ते म्हणाले, "तुम्ही केलं ते बरोबर केलं. पण हे तुमच्या हातातलं नाही, माझ्याही नाही." त्यांनी पोटातलं पाणी थोडं काढलं, तिला मोकळा श्वास आला. गोदी आणखी अकरा दिवस जगली. शेवटचे दोन दिवस ती सासूबाईंच्या खाटेखाली बसून असायची, आणि रश्श्याची गोष्ट काढणाऱ्या सासूबाई तिला बोटाने पाणी पाजत होत्या.

अशी आणखीही कारणं असतात. पोटात जंत, अंडाशयातली गाठ, किंवा 'मरेक' नावाचा आजार, ज्यात नसा निकामी होतात आणि पिशवीला खाली ढकलायची ताकदच उरत नाही. जुन्या रंगाचे पोपडे खाऊन शिसं पोटात गेलं तरी पिशवी थांबते. ही कारणं बाहेरून हात लावून कळत नाहीत.

म्हणून डॉक्टरांकडे कधी जायचं ते सरळ सांगते. घरच्या उपायाने चोवीस तासांत काही फरक नाही. वास येतो आहे. छातीचं हाड टोचतं आहे. पोट तटतटलं आहे. तोंडात पांढरट थर आहे. किंवा दुखणं परत आलं आहे. यातलं एक जरी असलं तरी निघायचं. दोरा किंवा गवताचा मोठा गोळा असला तर डॉक्टर भूल देऊन पिशवी उघडतात आणि टाके घालतात. ब्लेडने हे घरी करणारे लोक आहेत, तुम्ही त्यांच्यात जाऊ नका. तालुक्याला कोंबडी पाहणारे डॉक्टर मिळाले नाहीत तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आणि पाच-दहा कोंबड्या एकाएकी पटापट मरायला लागल्या, तर गळ्याला हातही लावू नका, पशुवैद्यकीय खात्याला कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला, तो असाच मरतुकीतून कळला होता.

"शंभराची कोंबडी आणि पाचशेचा खर्च?" हे ऐकायची तयारी ठेवा. आमच्याकडेही झालं. मी ह्यांना एवढंच म्हटलं, की किलोभर मटणाला त्याहून जास्त लागतात. खर्च किती करायचा ते तुमचं तुम्ही ठरवा, त्यात लाज नाही. पण जमत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगून तिला शांतपणे सोडवा. कोपऱ्यात आठवडाभर झुरत ठेवणं, हे मात्र पोल्ट्रीच्या पिंजऱ्याहून बरं म्हणता येणार नाही.

लोंबती पिशवी आणि जुनं पोलकं

लोंबणारी पिशवी पुन्हा पहिल्यासारखी क्वचितच होते. पण अशी कोंबडी वर्षानुवर्षं सुखाने जगू शकते. तिला एकदम पोटभर न देता चार वेळा थोडं थोडं, भिजवून द्यायचं. आणि आधाराला झोळी शिवायची. हे काम आपल्यासारख्यांचंच! मऊ सुती जुनं पोलकं घ्या. वीतभर रुंद पट्टी कापा, मधोमध दोन चुण्या घाला म्हणजे पिशवीपुरता खोलगटपणा येतो. चार टोकांना बोटभर रुंद बंद लावा. वरचे दोन पंखांच्या वरून, खालचे दोन पंखांच्या खालून पाठीवर आणायचे आणि तिथे वेलक्रोने अडकवायचे. गाठ मारू नका, घाईत सुटत नाही. कापडाखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत, आणि रोज सोडून कातडीला घासलं नाही ना ते पाहायचं. पहिल्या दिवशी कोंबडी मागे मागे चालते, उलटी फिरते, रुसते. दुसऱ्या दिवशी विसरते.

बाकी काळजी थोडक्यात. नव्या कोंबड्या आणल्या की पहिले पंधरा दिवस त्यांचा सवयीचा अंड्यांच्या कोंबड्यांचा भरडाच द्या, आख्खा दाणा हळूहळू वाढवा. वेगळ्या वाटीत बाजरी-ज्वारीच्या दाण्याएवढे खडे ठेवा, वाळू चाळून उरतात ते किंवा क्रशरची धुतलेली कच. शिंपल्यांचा चुरा हा खड्यांना पर्याय नाही. तो विरघळतो, त्याचं काम अंड्याच्या कवचासाठी. कोंबडीला हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मुलांचेही धुवून घ्या, आणि तिचा ड्रॉपर, वाटी, टॉवेल स्वयंपाकघरापासून वेगळे ठेवा.

बरी झालेली कोंबडी परत इतरांत सोडताना मात्र दिवसा सोडू नका. चार-पाच दिवस दिसली नाही की बाकीच्या तिला परकी समजून टोचतात. शेवटचे दोन दिवस तिचं डालगं इतरांना दिसेल असं खुराड्याजवळ ठेवा आणि मग रात्री, सगळ्या दांडीवर बसल्यावर, तिला हळूच त्यांच्या रांगेत बसवा. सकाळी उठून दार उघडण्याआधी आधी तिच्याच गळ्याला हात लावा.